तीन नंबरचं लेणं आणि मेथीच्या जुड्या

प्रिय मित्रा,

'माणूस सुधारणार नाही सर, शांतता फक्त भाषणापुरती,' असं लिहून तू मोकळा झालास. रात्री दोनपर्यंत मोबाईलवर युद्धाच्या बातम्या बघितल्या की असंच वाटणार. निम्मं मलाही पटतं.

येत्या रविवारी आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांवर चढ. तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा राजा, नातूही राजा. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी हे लेणं भिक्षूंना दान देताना या आजीने मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून घेतलं. शक, यवन, पल्हवांचा त्याने संहार केला, क्षहरात या शक घराण्याचा वंश निर्मूळ केला. आणि त्याच लेखात असंही, की अपराधी शत्रूचा जीव घेणंसुद्धा त्याला रुचत नसे! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही. वंश बुडवल्याची फुशारकी मारतानाही तिला दुसरी ओळ घालावीशी वाटली. ती चुटपुट तेव्हाही होती, नि वारही तेव्हापासून चालूच आहेत.

एक मात्र सांभाळ. 'गावात शांतता आहे' असं कोणी म्हणालं, तर ती कोणाच्या जिवावर, ते आधी विचार. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याआधी पंचवटी शांतच होती की! दलितांनी दाराबाहेर राहायचं, एवढीच त्या शांततेची अट. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या माणसांनी ती मोडली, तीही हात न उगारता. दगड आले ते त्यांच्या अंगावर, त्याच एप्रिलात, रामाच्या रथाच्या दिवशी. वर्षानुवर्षं लढूनही दार उघडलं नाही. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. त्यांना 'शांत राहा' म्हणणारे तेव्हाही कमी नव्हते.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. कॉलेजच्या गेटबाहेर मारामारी झाली आणि तू व्हिडिओ काढलास. जगाबद्दल दोन पानं, याबद्दल एक ओळ!

माझंही ऐक. गेल्या पावसाळ्यात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात, एका पोराच्या गाडीने चिखल उडवला आणि मी त्याची कॉलर धरली. वय वर्षं ६८, आयुष्यभर इतिहास शिकवलेला. हात वर गेला होता. भोवती गर्दी, दोघा-तिघांचे मोबाईल बाहेर. तेवढ्यात खालून भाजीवाल्या आजी ओरडल्या, "ए बाबा, मेथीवर पाय नको देऊ, पहाटे चारला उठून आणलीय!" बघतो तर माझी चप्पल खरंच जुड्यांवर. कॉलर सुटली. मी वाकलो, पोरानेही दोन जुड्या उचलून दिल्या. माफी कोणीच मागितली नाही. घरी आलो तरी हात थरथरत होता; चहा टेबलावर ठेवूनच प्यायलो.

त्या आजींनी शांततेवर एक अक्षर काढलं नव्हतं. पुढच्या वेळी तू मोबाईल खिशात ठेव आणि मध्ये काहीतरी ओरड. काय ओरडायचं ते तिथे सुचेल. नाहीच सुचलं तर 'माझी गाडी पाडाल रे' म्हण.

बुधवारी आलास तर त्या आजींकडे नेईन. मेथीचा भाव करायचा नाही.

तुझा,
सर