दोन इम्प्लांटवरची खालची कवळी किती टिकते?

प्रश्न : आईचे (वय ६८) सगळे दात गेले आहेत. वरची कवळी नीट बसते, खालची मात्र बोलतानाही उचकटते. डॉक्टर पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवू म्हणतात. हे किती वर्षं टिकेल? नंतर खर्च निघतो का?

उत्तर : इम्प्लांट (हाडात बसवलेले धातूचे स्क्रू) टिकतात, झिजतं ते त्यांवरचं सामान. खालच्या जबड्याचं पुढचं हाड घट्ट असतं. सुळ्यांच्या जागी बसवलेले १०० पैकी साधारण ९५ इम्प्लांट १० वर्षांनंतरही जागेवर असतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय ठरवला होता.

नंतरचा खर्च मात्र धरूनच चाला. कवळीच्या आतल्या, इम्प्लांटच्या डोक्यावर अडकणाऱ्या नायलॉनच्या टोप्या (डोकं गोल बॉलसारखं असेल तर रबरी रिंगा) सैल होतात, बहुधा वर्ष-दीड वर्षात. बदलायला थोडाच वेळ लागतो. पण कवळी तोंडात ठेवून चावून बसवायची सवय असेल, तर त्या फार लवकर जातात. दोन्हीकडे बोटांनी सारखी दाबून, 'टक' आवाज येईपर्यंत बसवावी.

खरी गोम मागे आहे. तिथे इम्प्लांट नसल्याने हाड झिजतच राहतं. मागच्या दाढांवर बोट दाबून पाहा: पुढची बाजू उचलली गेली, तर आतून भर घालायची, म्हणजे रिलाइनिंगची, वेळ झाली. याकडे कानाडोळा केला की टोप्या झिजतात आणि इम्प्लांटच्या वर, जिथे कवळी पातळ असते, तिथेच तडा जातो. म्हणून नवी कवळी करतानाच आत धातूची जाळी घालायला सांगा.

खालची कवळी घट्ट झाली की माणूस पुढच्या दातांनी जोरात चावू लागतो. त्यामुळे वरची पुढची हिरडी मऊ पडून चांगली बसणारी वरची कवळीही सैल होऊ शकते. तपासणीत दोन्ही दाखवा.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी, इम्प्लांटभोवती मऊ ब्रश रोज फिरवावा. तिथून रक्त किंवा पू आला तर थांबू नका. मिशरी-तंबाखू आणि आटोक्यात नसलेली साखर हे इम्प्लांटचे मोठे शत्रू. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या वा इंजेक्शन चालू असतील तर आधीच सांगा.

आणि इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास-लांबी लिहिलेलं कार्ड मागून ठेवा. १० वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर योग्य सुटे भाग त्यावरूनच मागवता येतात.