मधमाशी चावल्यावर बाबांचा हात कोपरापर्यंत सुजला, पुढच्या वेळी जिवाला धोका आहे का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना मनगटावर मधमाशी चावली, दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत सूज चढली, आठवडा झाला तरी पूर्ण उतरली नाही आणि आता ते शेतात जायलाच घाबरतायत. मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरी हे जिवावर बेतून गेलंय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सुजेचं. चावलं तिथूनच पसरलेली सूज कितीही मोठी दिसली तरी ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि उतरायला आठवडा-दहा दिवस घेते. लाल आणि गरम लागतं म्हणून लगेच अँटिबायोटिक चालू करतात, पण पहिल्या दोन दिवसांतली लाली बहुतेक वेळा विषाचीच असते, जंतूंची नाही. अंगठी, कडं लगेच काढायचं, बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, हात उंच ठेवायचा, खाज सुटली तर सेट्रिझिनची (अ‍ॅलर्जीची) गोळी. अशी मोठी सूज येणाऱ्यांपैकी पुढच्या वेळी सगळ्या अंगावर रिअ‍ॅक्शन येते ती शंभरात साधारण पाच-दहा जणांना.

माझा दादा त्या पाच-दहातला निघाला. पहिल्या वेळी नुसता हात सुजला होता. नंतर एकदा सकाळी विहिरीवर मोटर चालू करायला गेला, स्टार्टरच्या पेटीत गांधीलमाशांचं पोळं होतं ते दिसलं नाही, झाकण उघडल्याबरोबर मानेवर तीन ठिकाणी चावल्या. दहा मिनिटांत तळहात-तळपाय खाजायला लागले, पोटावर पाठीवर गांधी उठल्या, उलटी झाली, आणि बोलताना आवाज घोगरा यायला लागला. आम्ही काय केलं, तर चुना लावला, सेट्रिझिन दिली आणि उतरेल म्हणून वाट बघत बसलो. मग मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघालो तर वाटेतच त्याची मान पडली. प्राथमिक आरोग्य केंद्रात मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, पाच मिनिटांनी परत एक, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

म्हणून सूज किती आली यापेक्षा चावलं त्या जागेपासून लांब काय होतंय ते बघा. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, दम लागणं, उलट्या, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी यातलं काही सुरू झालं तर 108 ला फोन करा किंवा गाडीत आडवं घालून निघा, पाय उंच ठेवा, उठवून बसवू नका आणि चालवू तर अजिबात नका, कारण बीपी पडलेला असतो आणि उभं केलं की मेंदूला, हृदयाला रक्त कमी पडतं. फक्त दम लागत असेल तर मात्र टेकून बसू द्या. गोळीने खाज थांबते, पण बंद होत चाललेला घसा गोळीने उघडत नाही, त्याला अ‍ॅड्रेनलिनच लागतं. आणि बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका, काही तासांनी रिअ‍ॅक्शन परत उलटू शकते.

मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याची विषाची पिशवी माशी गेल्यावरही विष सोडत राहते, त्यामुळे चिमटा शोधत बसू नका, नखाने खरवडून जसा निघेल तसा पहिल्या काही सेकंदांत काढा. गांधीलमाशीचा काटा राहत नाही पण ती पुन्हा पुन्हा चावते. आग्या मोहोळ उठलं तर तोंड-डोळे झाकून लांब पळत सुटायचं आणि घरात किंवा गाडीत शिरायचं, हात झटकत उभं राहायचं नाही, चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. विहिरीत उडी तर नकोच, माश्या वर घिरट्या घालत राहतात. पन्नासेक काटे बसले असतील तर अ‍ॅलर्जी नसली तरी दवाखान्यात न्या, इतक्या विषाने किडनी बंद पडू शकते. लहान मूल असेल तर आकडा मोजत बसू नका.

बाबांना बीपीची गोळी चालू आहे का? तिच्यात बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) असेल तर अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो, त्यामुळे आत्ताच डॉक्टरांना विचारून ठेवा, स्वतःहून मात्र बंद करू नका.

आम्ही आता स्टार्टरची पेटी उघडायच्या आधी लांब काठीने ठोकतो आणि जरा थांबतो, वायर जाते ते भोक जाळीने बुजवलंय. मांडीवर दाबून देता येणारं अ‍ॅड्रेनलिनचं तयार पेन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनची अँप्युल (काचेची छोटी कुपी) आणि सिरिंज लिहून दिली, किती भरायचं ती खूण दाखवली, वहिनीने मोसंबीवर सराव केला. अँप्युल उन्हात ठेवायची नाही, तपकिरी दिसायला लागली की टाकून द्यायची. तो डबा आमच्याकडे कपाटात नसतो, दादाच्या भाकरीच्या पिशवीत रोज शेतावर जातो.