अकरा माणसांतली एक

प्रिय बाय,

तुझा मेसेज रात्री सव्वाबाराला आला तेव्हा मी जागाच होतो. उत्तर लगेच दिलं नाही, कारण असल्या गोष्टी मला मोबाइलवर अंगठ्यानं लिहिता येत नाहीत. म्हापशाच्या त्या रेस्टॉरंटात तुझा लाडका बँड ऐकायला अकरा माणसं होती. त्यातली चार नुसती जेवायला आलेली, आणि ती वेटरला सांगत होती की आवाज जरा कमी करायला सांग. घरी येऊन तू रडलीस. त्यावर आईनं विचारलं, ह्या पोरांपायी अजून किती पेट्रोल जाळणार? आणि आता तू मला विचारतेस, काका, तुम्ही पंचेचाळीस वर्षं हे कसं केलंत?

आधी एक सांगतो, अकरा हा आकडा वाईट नाही. मी पाच जणांत बसलोय. त्यातला एक तबलजीचा मेहुणा होता आणि त्याला झोप लागली होती.

मला काही वाजवता येत नाही हे तू जाणतेसच. गणेश चवथीला आरतीत माझ्या हाती कासाळं, म्हणजे झांज, दिलं तर तिसऱ्या कडव्याला ताल सुटतो, मग पोरं ते हळूच काढून घेतात. लोक मला कानसेन म्हणतात ते मला आवडत नाही. त्यात ‘तानसेन व्हायला जमलं नाही’ असं गृहीत धरलेलं असतं, आणि मला तानसेन व्हायचंच नव्हतं.

१९७९ साली मी फोंड्यात बँकेत चिकटलो. आमच्याकडे संगीत म्हणजे देवळातलं भजन, जत्रेतलं नाटक आणि रेडिओवरची नाट्यगीतं. बँड म्हणजे वरातीतला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं मला लोटली गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, ओढत नेलं. माडाच्या झावळ्यांचा मांडव, त्यात दोन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन, गिटार, बास, ड्रम्स. मी रात्रभर गायकाकडे बघत राहिलो, त्याच्या चकचकीत शर्टाकडे. काय ऐकलं म्हणून विचारलं असतंस तर सांगता आलं नसतं.

पुढच्या दोन महिन्यांत तोच बँड मडगावला ऐकला, मग राय गावात. रायला गर्दीत मला बाजूला, बासवाल्याच्या समोर जागा मिळाली. बुटका, जाड भिंगांचा चष्मा. तो प्रत्येक गाण्याआधी ड्रमरच्या डाव्या पायाकडे बघायचा. गायक जोशात येऊन पुढं पळाला की हे दोघं त्याला मागं ओढत नसत, त्याच्याबरोबर जात, आणि चार मात्रांत असं सावरून घेत की वाटावं हे असंच बसवलंय. गाणी तीच, क्रमही जवळजवळ तोच. मी मात्र त्या रात्री पहिल्यांदा बँड ऐकला.

म्हणून माझा सल्ला एवढाच: एकच बँड पुन्हा पुन्हा ऐक. डिसेंबरात किनाऱ्यावर होणाऱ्या मोठ्या जलशांना जा, मी नको म्हणत नाही. पण तिथं तू पडद्यावरचं चित्र बघतेस आणि शेजाऱ्याची कोपरं खातेस. तुझ्या फर्मागुडीच्या पोरांना दहाव्यांदा ऐकशील तेव्हा गिटारवाला कुठं घाबरतो, ड्रमर कुठं त्याला हात देतो, कुठलं गाणं त्यांना स्वतःलाच कंटाळवाणं झालंय, सगळं कळेल.

घुमटाचंच घे, आरतीत वाजतं त्या मातीच्या, तोंडावर कातडं ताणलेल्या वाद्याचं. चवथ भर पावसात येते, कातडं ओल धरतं आणि आवाज बसतो. आमच्या वाड्यावर आरतीआधी घुमटं चुलीजवळ मांडून ठेवत आणि मोठी माणसं टिचकी मारून बघत. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं, तरी गावोगाव जुनी घुमटं बरीच वर्षं वाजत राहिली. आता बकरीचं कातडं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, त्याआधी ह्या कातड्याचा प्रश्न मिटवावा लागला. पहिल्या वर्षी म्हातारे कुरकुरले, की नाद पातळ झाला. ते कुणाला कळलं? वर्षानुवर्षं त्याच पथकाची तीच आरती ऐकलेल्यांना. पाहुण्यांना ती दरवर्षीसारखीच दणदणीत वाटली.

आता काही कामाच्या गोष्टी. उभी कुठं राहतेस? तुझ्या फोटोवरून दिसतं की अगदी पुढं, स्पीकरच्या तोंडाशी. तिथून तुला फक्त स्पीकर ऐकू येतो. मिक्सरवर जो माणूस बसलेला असतो, तो त्याच्या कानाला जे बरोबर लागतं ते लावतो, तेव्हा त्याच्या आसपास उभी राहा. आणि कानात प्लग घाल. हसू नकोस. शंभर डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांपलीकडे कान उघडा ठेवू नये असं तज्ज्ञ सांगतात. स्पीकरजवळ एवढा आवाज सहज असतो. १९९४ ला मी एका नाचाला अख्खी रात्र स्पीकरला टेकून काढली. तीन दिवस डाव्या कानात शिट्टी वाजत होती. अजून पहाटे घर शांत असलं की बारीक वाजते. तुझ्या काकूला वाटतं मी कुकरबद्दल बोलतोय.

मोबाइल खाली ठेव. हे मी म्हातारा म्हणून सांगत नाही, भोगलंय म्हणून सांगतो. पणजीच्या कला अकादमीत एका वर्षी मी खिशात मावेल असा टेपरेकॉर्डर चोरून नेला होता. शेवटची भैरवी सुरू झाली आणि माझं सगळं लक्ष कॅसेटची बाजू कधी संपते ह्यात. भैरवीतला एकही स्वर आठवत नाही. बटण दाबल्याचा खटका आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून टाकलेला कटाक्ष तेवढा आठवतो. कॅसेटला दुसऱ्याच पावसाळ्यात बुरशी आली. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ ला ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली, म्हणजे रेकॉर्डिंग वाईट असं मी कसं म्हणू? फक्त ते ज्याचं काम आहे त्याला करू दे.

कला अकादमीच्या त्याच सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांतली माणसं सज्ज्यात बसलेली आहेत. हॉल अर्धा रिकामा असायचा तेव्हा मी त्यांनाही मोजायचो. टाळ्या वाजवत नसत एवढंच.

पास मागू नकोस. आपल्याकडे कलाकार ओळखीचा झाला की तिकीट काढणं कमीपणाचं वाटतं, ते उलट आहे. तियात्राचे, म्हणजे कोंकणी नाटकाचे, प्रेक्षक बघ. तिकीट काढून येतात, कांतार, म्हणजे त्यातलं गाणं, आवडलं तर शिट्ट्या मारून गायकाला परत बोलावतात, आणि तो जादा कडवं तयार ठेवूनच आलेला असतो. आम्ही मराठीवाले नाट्यसंगीताच्या गप्पा मारतो, पण चाळीस किलोमीटरवरचा तियात्र जन्मात बघितलेला नसतो. मी स्वतः पस्तिशी ओलांडल्यावर पहिला बघितला. लाज वाटली, आणि तिथल्या ट्रम्पेटवाल्यासाठी पुढच्याच आठवड्यात परत गेलो.

कार्यक्रम संपल्यावर पोरांना ‘भारी झालं’ म्हणू नकोस, ते त्यांना प्रत्येक जण म्हणतो. एखादी नेमकी गोष्ट सांग, की तिसऱ्या गाण्यात तू मध्येच थांबलास ते आवडलं. चूक दाखवायची असेल तर दोन दिवस जाऊ दे. घामेजलेल्या माणसाला सूर लागला नाही म्हणून सांगणं हा दुष्टपणा आहे. मी एकदा केलाय, तो गायक माझ्याशी चार वर्षं बोलला नाही आणि बरोबर केलं त्यानं.

आणि वही ठेव. तारीख, गाव, गाण्यांचा क्रम, पाऊस होता का, कोण आजारी होतं. माझ्या अशा सतरा वह्या आहेत. चाळल्या की दिसतं, पूर्वी नाचाला चौथा सेट पहाटे तीनला सुरू व्हायचा, आणि मसाला, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेली कोंकणी गाणी, तेव्हा वाजायचा जेव्हा पायात बूट राहिलेले नसत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद केला. झोपणाऱ्यांची बाजू मला मान्य आहे, मीही आता झोपणाऱ्यांतला. पण सगळं साडेसात ते दहात कोंबल्यामुळे बँड रंगात यायला लागतो तेव्हाच घड्याळाकडे बघायला लागतो. तुझी पोरं पहिल्याच गाण्यापासून ओरडतात ती त्यामुळेही असेल.

तू मेसेजच्या शेवटी ओझरतं लिहिलंयस, जानेवारीत ड्रमर बोटीवर नोकरीला जातोय, आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट आहे. मला वाटतं रडू त्याचं होतं, अकरा माणसांचं नव्हतं.

गोव्यातले बँड असेच मोडतात, बाय. भांडणानं कमी, बोटीनं जास्त. कुणी बोटीवर, कुणी आखातात, मधली काही वर्षं, ब्रेक्झिटपर्यंत, पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला. माझा तो लोटलीचा बँड १९८४ ला संपला. बासवाला कुवेतला गेला. नाव मला माहीत होतं, पण मी त्याच्याशी कधी एक शब्द बोललो नव्हतो. पाच वर्षं त्याला ऐकलं आणि साधं आभाराचं ‘देव बरें करूं’ म्हटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका मे महिन्यात सासष्टीतून परतताना रस्त्याकडेच्या खुरसापुढं, म्हणजे क्रुसापुढं, लदीन ही गायची प्रार्थना चालली होती. मेणबत्त्या, बाकं, वीसेक माणसं. व्हायोलिन वाजवणारा बुटका, केस पांढरे, तोच जाड चष्मा. मी स्कूटर लावून उभा राहिलो. प्रत्येक कडव्याआधी तो खाली डावीकडे बघत होता. तिथं कुणीच नव्हतं, बाकाचा पाय होता.

संपल्यावर चणे वाटले. मी पुढं होऊन त्याला म्हटलं, तुम्ही ड्रमरच्या डाव्या पायाकडे बघायचात. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तुवें पळयिल्लें?”, म्हणजे ‘तू बघितलं होतंस?’, आणि हातातले निम्मे चणे माझ्या तळव्यावर ओतले.

तर जानेवारीपर्यंत त्यांचे किती कार्यक्रम आहेत ते कळव. येत्या शनिवारचा वागातोरला आहे असं तुझ्या आईकडून कळलं. एकदा शेवटची बस चुकून मी म्हापसा ते बाणस्तारी दुधाच्या टेंपोत बसून आलोय, तेव्हा बसचं नाव काढू नकोस. सहाला मी गाडी घेऊन तुमच्या दारात येतो. आईलाही विचार, मागची सीट रिकामीच आहे. प्लगच्या दोन जोड्या माझ्याकडे आहेत, तिच्यासाठी एक जास्त घेतो.

तुझा,
काका