छापील क्रम नसलेली उपासना

चि. बाळ,
सप्रेम सलाम.

पत्र मिळालं. तीन रविवार त्या कॅरिस्मॅटिक, म्हणजे अन्य भाषा, भविष्यवाणी अशी पवित्र आत्म्याची दानं मानणाऱ्या मंडळीत गेलीस आणि तिन्ही वेळा डोकं भणाणून होस्टेलवर परतलीस, असं लिहिलंयस. गावाकडे बाकावर बसायचं, पाळकसाहेबांनी क्रमांक सांगितला की ‘उपासना संगीत’ उघडायचं, वाचन, प्रार्थना, आशीर्वाद, दीड तासात मोकळं. अशा सवयीच्या मुलीला अक्कलकोट रोडच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, सोलापूरच्या उन्हात, अडीच तास उभं केलं तर दुसरं काय होणार? तुझे प्रश्न एकेक करून घेत नाही, ते एकमेकांत गुंतलेत.

आधी हे बघ की तिथे छापील क्रम नसला तरी क्रम आहे. येत्या रविवारी घड्याळाकडे लक्ष ठेवून बस. उपासना दहाची असली तरी सव्वानऊलाच चार-सहा जण आतल्या खोलीत मध्यस्थीची प्रार्थना करत असतात. दहाला सुरुवातीची प्रार्थना, मग टाळ्यांची तीन-चार गाणी, साधारण वीस मिनिटं. याला ते ‘स्तुती’ म्हणतात. मग ढोलक थांबतं, दोन-तीन संथ गाणी होतात, ती ‘आराधना’. आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, तिथे ते वेगळे आहेत: देवाने काय केलं ते सांगायचं ती स्तुती, देव कोण आहे ते न्याहाळत थांबायचं ती आराधना. त्यानंतर साक्षी, म्हणजे ज्याचे त्याचे अनुभव, सूचना, अर्पण, पाऊण-एक तास वचन, म्हणजे प्रवचन, आणि शेवटी गरजवंतांना पुढे बोलावून प्रार्थना. वचनाला तेलुगू दुभाषी उभा असेल तर तोच संदेश दुप्पट वेळ घेतो. घाई असली तर आधी तेवढं बघून घ्यावं.

एकच ओळ वीस-वीस वेळा का म्हणतात, ही तुझी तक्रार. मराठी माणसाने ही तक्रार करावी याचं मला हसू येतं. आपल्याकडे गजरात एकच नाम किती वेळा घेतात? ना. वा. टिळकांनी अभंग-भजन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं तेव्हा ही पुनरावृत्तीही सोबत आलीच. फरक चालीत आहे. भजन संथ सुरू होतं आणि लय चढत जाऊन गजरावर संपतं. इथे उलट, जलद सुरू होऊन उतरत जातं. तुझे कान चढण्याची वाट बघतात आणि चाल उतरते, म्हणून तुला ते ‘रेंगाळल्यासारखं’ वाटलं असावं.

आता सगळ्यात अवघड जागा. शेवटचं संथ गाणं संपतं तिथे कीबोर्डवाल्याची बोटं बघ. तो ती उचलत नाही. एक कॉर्ड, फार तर दोन, आलटून पालटून धरून ठेवतो. गाणं पुढे नेणारा माइकपासून वीतभर मागे सरकतो. मग जो तो आपापल्या शब्दांत, त्याच सुरावर गातो: कुणी ‘हालेलुया’, कुणी स्तोत्रातली ओळ, कुणी नुसता ‘आ’कार. आवाज एकदा चढतो, ओसरतो, बहुतेकदा दुसऱ्यांदाही चढतो, आणि तीन ते सात मिनिटांत आपोआप निवतो. ही मोकळी आराधना. कसलेला पुढारी ती निवू देतो आणि नंतरच्या शांततेला हात लावत नाही. कच्चा पुढारी त्या शांततेला घाबरतो, आवाज वाढवायला खुणावतो, ‘अजून मोठ्याने!’ म्हणून ओरडतो. तुझ्या दुसऱ्या रविवारी हेच झालेलं दिसतं. तो दोष पवित्र आत्म्याच्या माथी मारू नकोस. अनुभव कमी पडला, एवढंच.

आणखी एक दोष तुझ्या घशाने ओळखला. यूट्यूबवरचं गाणं कलाकाराच्या उंच पट्टीत जसंच्या तसं उचलतात आणि मंडळी अर्ध्यावर गप्प होते. पेटीची सफेद एक धरली तर सगळ्यांनी मिळून म्हणायच्या गाण्याने वरच्या ‘रे’च्या पुढे जाऊ नये. गेलं, तर तो मंचावरचा कार्यक्रम होतो आणि खालचे ऐकणारे. तू गाणाऱ्यांत जाणार असशील तर पट्टी उतरवायचा हट्ट पहिल्याच सरावात धर.

हात वर करणं ही सक्ती नव्हे. तळवे समोर उघडे म्हणजे घेणं, दोन्ही हात वर म्हणजे शरण जाणं, असा ढोबळ संकेत आहे. हात खाली ठेवून उभी राहिलीस तर कुणी टोकू नये. टोकलंच, तर हसून तशीच उभी राहा.

अन्य भाषांविषयी, म्हणजे आत्म्याने दिलेल्या, न शिकलेल्या भाषांविषयी तू लिहिलंस ते वाचून मात्र दोन मिनिटं थांबलो. तुझ्या शेजारच्या आजी ‘अन्य भाषेत’ प्रार्थना करत होत्या म्हणतेस. ‘तंड्री’, ‘यसय्या’, ‘स्तोत्रम्’ असं काही कानावर आलं का? मग ती तेलुगू होती, बाळ. तंड्री म्हणजे बाप. सोलापूरच्या पूर्व भागातली निम्मी प्रार्थना तेलुगूत चालते, आणि विजापूरकडची माणसं आली की कन्नडही. या शहरात कानाला अनोळखी ते सगळं आत्म्याचं दान मानलं तर रोजच पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्य आत्म्याने भरून अन्य भाषांत बोलले तो दिवस.

खरोखरीच्या अन्य भाषा वेगळ्या ऐकू येतात: छोटे उच्चार, पुन्हा पुन्हा येणारे, बोलणाऱ्यालाही अर्थ न कळणारे. विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवलं की हे ध्वनी बहुतेक बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांमधूनच येतात आणि त्यांना भाषेचं व्याकरण नसतं. श्रद्धावंत त्यावर म्हणतो, ही बुद्धीची प्रार्थनाच नव्हे, मग व्याकरण कशाला शोधता? दोघांचंही ऐकून ठेव. मंडळीसाठी मोजपट्टी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे, आणि ती चांगली काटेकोर आहे: दोघांनी किंवा फार तर तिघांनी बोलावं, पाळीपाळीने, आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहून मनाशी आणि देवाशी बोलावं. म्हणजे मोकळ्या आराधनेत जो तो हळू आवाजात देवाशी बोलतो ते एक, आणि माइक हातात घेऊन सगळ्यांना ऐकवतो ते दुसरं. अर्थ सांगण्याचा नियम दुसऱ्याला लागतो. माइकवर पंधरा मिनिटं अन्य भाषा आणि अर्थ सांगणारा कुणीच नाही, हे ‘जास्त आत्मिक’ वगैरे काही नव्हे, ते त्याच अध्यायाविरुद्ध आहे. आणि कुणी तुला ‘माझ्यामागे म्हण, जलद म्हण’ असं शिकवू लागलं, तर नको म्हण. घोकून घेतलेलं दान कसलं?

भविष्यवाणी या शब्दाने तुझा गोंधळ झालाय. हिंदीतून आलेला हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, आणि लोक ज्योतिष ऐकायला आल्यासारखे कान टवकारतात. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्या जागी ‘संदेश देणे’ असं आहे, आणि त्याचं काम उन्नती, बोध नि सांत्वन. तोच अध्याय पुढे सांगतो की दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा. हा निर्णय करणारा भागच बहुतेक ठिकाणी गळतो. तुला कुणी वैयक्तिक संदेश दिला तर तिथल्या तिथे ‘आमेन’ म्हणू नकोस. तारखेसह वहीत लिही, देणाऱ्याचं नाव लिही, दोन वडीलजनांना दाखव. लग्न कुणाशी, नोकरी सोड, घर विक, अमका मरणार, असल्या संदेशावर एक पाऊलही टाकू नकोस. ‘परमेश्वर असं म्हणतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘मला असं वाटतं, तू पडताळून बघ’ म्हणणाऱ्यावर माझा भरवसा जास्त.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे, असं तुझे वडील म्हणतात. त्यांना एवढंच सांग की सुट्टीत पुण्याच्या गाडीने जाताना दौंड सोडल्यावर केडगाव लागतं, तिथे खिडकीतून बाहेर बघा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनअखेर मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडल्या, पापं कबूल केली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचं प्रसिद्ध संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, १९०६ च्या एप्रिलमधलं, म्हणजे केडगाव आधीचं. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वाल्परायसोला पोहोचली आणि १९०९ मध्ये तिथे उठलेल्या चळवळीला निमित्त झाली. दौंड तालुक्यातून दक्षिण अमेरिकेत! अन्य भाषा हीच एकमेव खूण, असा हट्ट मात्र मुक्तीत धरला गेला नाही. ‘कॅरिस्मॅटिक’ हे नाव पुढचं. १९६० नंतर अँग्लिकन परंपरेच्या आणि १९६७ पासून कॅथलिक मंडळ्यांतही ही दानं मानणारे आपापल्या चर्चमध्येच राहिले, त्यांना ते नाव पडलं. म्हणून तुला आपलं जुनं चर्च सोडायलाच हवं, असं काही नाही.

शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी माणसं पडतात ते बघून तू घाबरलीस. पडणं आवश्यक नाही, आणि उभं राहिलेल्याला कमी आशीर्वाद मिळतो असंही नाही. तुझ्यासाठी प्रार्थना होत असेल तेव्हा एक पाऊल किंचित मागे ठेवून उभी राहा. कपाळावरचा हात मागे रेटत असेल तर ते पाऊल तुला लगेच सांगेल. हात नुसता टेकलेला असावा. नीट चालणाऱ्या मंडळीत मागे सांभाळणारी माणसं असतात, बाईच्या मागे बाईच. मागची सहा-सात फूट जागा खुर्च्या-वायरींपासून मोकळी असते, आणि पडलेल्या बहिणीच्या पायांवर टाकायला घडी घातलेली चादर हाताशी ठेवलेली असते. सोलापुरात निदान चादरीला तोटा नाही. या तयारीशिवाय माणसं पाडणारा सेवक बेफिकीर समजावा.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना लावतात ते तेल साधंच असतं, ऑलिव्हचं किंवा खोबऱ्याचं, अंगठ्याने कपाळावर थेंबभर. ते प्यायचं नाही, जखमेवर घालायचं नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे. बोलावणारा आजारी माणूस. स्टेजवरून नावं पुकारून रांग लावणं त्यात नाही. तू नर्सिंगला आहेस, म्हणून हे तुझ्या गळ्यात घालतो: प्रार्थनेनंतर कुणी इन्सुलिन, फिटच्या किंवा बीपीच्या गोळ्या बंद करायची भाषा केली, तर तिथल्या तिथे बोल. बरं वाटत असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, साक्ष नंतर द्यायची. उपवास-प्रार्थनेच्या दिवशी मधुमेहींना बाजूला घेऊन विचार, कुणी काय खाल्लंय.

आणि ‘सुटकेची सेवा’, म्हणजे भूत काढायची प्रार्थना. मुलगी खाली पडून आचके देऊ लागली की ‘आत्मा आहे, आत्मा आहे’ असा गलका होतो. तू गलक्यात शिरू नकोस. कुशीवर वळव, डोक्याखाली ओढणी दे, तोंडात काही घालू देऊ नकोस, कांदा-चप्पल हुंगवू देऊ नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर रिक्षा आणि सिव्हिल. केस धरणं, थोबाडीत मारणं, बांधणं हे बघितलंस तर पाळकांना स्पष्ट सांग की भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. प्रार्थना मोठ्याने असो, हात मात्र कुणावर उठायला नको.

पैशाचं थोडक्यात. दशांश म्हणजे दहावा भाग, आणि तो कमावणाऱ्याने स्वतःच्या मनाने द्यायचा. तुझ्या वजीफ्यातून कुणी मागू नये. विडी वळणाऱ्या बाईला ‘हजार पेर, लाख उगवेल’ असं स्टेजवरून सांगणारा आला की त्या दिवशीच्या संदेशातलं बाकीचंही जरा चाळून घे. पावती मिळते का, वर्षाचा हिशेब वाचून दाखवतात का, हे विचारायला लाजू नकोस.

येत्या रविवारी पुढे बसू नकोस, स्पीकरपासून लांब, दाराजवळच्या सतरंजीवर बस, म्हणजे वाराही मिळेल आणि सगळा हॉलही दिसेल. ओढणी ने, डोक्यावर घेतात. पाण्याची बाटली ने. वहीत डावीकडे वेळ आणि उजवीकडे काय झालं ते लिही. मोकळी आराधना किती मिनिटं चालली आणि ती कुणी थांबवली, की आपोआप थांबली, तेवढं नक्की लिही. उपासना संपल्यावर त्या आजींना विचार, ‘तंड्री’च्या पुढे त्या काय म्हणत होत्या. सांगतील, आणि चहाही पाजतील. वहीचं पान मला पाठव.

तुझा,
काका