पाणी चढलं की साखर चढते

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ७१. सांगलीच्या गावभागात राहते. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात आमचा तळमजला बुडाला. मधुमेहाला चौदा वर्षं झाली. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेते. एरवी उपाशीपोटीची साखर १२५ ते १३५ असते. पण जुलैत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याचे फूट मोजणं सुरू झालं, की ती १९० वर जाते, एकदा २०५ भरली. खाण्यात काडीचा फरक नाही. सूनबाई म्हणते, “आई, काहीतरी गोड पोटात जातंय.” मुलगा पुण्याहून फोनवर तेच विचारतो. मनाला फार लागतं. अर्धी गोळी वाढवू का?

उत्तर : काकू, गोळी वाढवू नका. आणि एवढं पान सूनबाईंना वाचून दाखवा. गोडाचा कण न खाताही साखर वाढते. तुमची तशीच वाढत असावी.

जिवाला घोर लागला की शरीर अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात सोडतं. संकटात हातपाय चालायला इंधन हवं, म्हणून यकृत आपल्याकडची साठवणीची साखर बाहेर काढतं, नवीही तयार करतं. त्याच वेळी इन्सुलिनचा जोर कमी पडतो. पंचविशीतल्या माणसाचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून हे निभावून नेतं. चौदा वर्षांच्या मधुमेहानंतर तेवढी ताकद उरत नाही. शिवाय साखर खर्च होते मुख्यतः स्नायूंत. ते वयाबरोबर कमी होतात, आणि पावसामुळे तुमचं फिरणंही बंद झालेलं असणार.

सकाळचाच आकडा का बिघडतो? कॉर्टिसॉल तसंही पहाटे वाढतं. त्यात रात्री तीनला उठून कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे मोबाइलवर बघत बसलात, तर झोपही गेली आणि घोरही वाढला. नुसत्या जागरणानेही इन्सुलिनचा परिणाम कमी होतो.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हाची गोष्ट सांगते. आई बाहेरच्या बाकड्यावर बसून असायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. तिची साखर २२० झाली. मी डॉक्टर, तरी आधी घरी जाऊन फडताळातले डबे उघडून पाहिले. लाडू नव्हते, काहीच नव्हतं. आईला ते कळलं. ती काही बोलली नाही, पण मला अजून वाईट वाटतं. मग मी तिची गोळी वाढवली. आठ दिवसांनी वडील घरी आले, आई शांत झोपू लागली आणि साखर आपोआप उतरली. गोळी मात्र वाढलेलीच राहिली. एका दुपारी चार वाजता तिला दरदरून घाम फुटला, आणि ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारू लागली. यंत्रावर आकडा होता ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला.

म्हणून नको म्हणते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग साखर चढलेली असो वा नसो. पूर ओसरला, घोर उतरला की वाढवलेली गोळी अंगावर येते. या वयात साखर ७० च्या खाली जाणं हे काही दिवस १९० राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं. माणूस पडतो, हाड मोडतं.

पण सगळं काळजीवर ढकलू नका. लघवीला जळजळ, पायाला जखम, ताप, गुडघ्यात किंवा दम्यासाठी घेतलेलं स्टेरॉइड, गडबडीत चुकलेली गोळी, यांनीही साखर वाढते. बोट धुऊन, पुसून मग टोचता ना? गूळ चिरलेल्या हाताने तपासलं तर आकडा हमखास खोटा येतो. चार दिवस सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा, कॅलेंडरवर लिहा, शेजारी झोप किती लागली तेही लिहा. ते कॅलेंडर घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. ते तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, बघतील. ती तुमच्या वयाला साडेसात टक्क्यांच्या आसपास असली तर बहुधा गोळीला हात लावावा लागणार नाही. साखर ३०० च्या पुढे गेली, उलट्या होऊ लागल्या किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता घोराचं. “काळजी करू नका” असं मी म्हणणार नाही. दोनदा घरात पाणी आलेल्या बाईला ते कोणत्या तोंडाने सांगू? मात्र पुलाची पातळी बघायचं काम सूनबाईंकडे द्या. त्यांनी सकाळ-संध्याकाळ तुम्हाला सांगायची. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत. दुपारी जेवून घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं चाला. पिशवी जूनमध्येच भरा : पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, साखर तपासायचं यंत्र, पट्ट्या, आणि साखरेची पुडी. पिशवी भरून खुंटीला लावली की माझ्या पेशंट बायकांना बरीच झोप लागते, हे मी पाहिलं आहे.

इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कितव्या फुटाला घर सोडायचं आणि कुणाकडे जायचं, हे आत्ताच मुलाशी बोलून ठरवा. न्यायला यायचं काम त्याचं. फोनवर गोडाचं विचारण्याऐवजी त्याने गाडी घेऊन कधी निघणार ते सांगावं.