ईबेच्या लिलावात फॉरेनच्या गिऱ्हाईकाकडून पेमेंटची फी वेगळी घ्यायची का?

नाही, अजिबात घेऊ नका. तुमचं वॉल हँगिंग अमेरिकेतल्या माणसाने बोली लावून जिंकलंय, आता त्याला पेमेंटची फी वरून द्या म्हणणं ईबेच्या नियमातच बसत नाही, तक्रार केली तर लिस्टिंग उडतं, कधी अकाउंटवर पण येतं. आपल्या मार्केट यार्डात २०१६ पासून कांद्याची आडत खरेदीदार भरतो हे खरंय, पण ते त्याला बोलीच्या आधीच माहीत असतं ना, इथं बिचाऱ्याला जिंकल्यावर कळतंय.

फी सुरुवातीच्या किमतीतच धरा. आणि इथं बरेच जण चुकतात, समजा फी ४.४ टक्के आणि वर ३० सेंट, तर हातात १०० डॉलर यायला १०४.७० लावून भागत नाही कारण फी पूर्ण रकमेवर कापतात, १००.३० ला ०.९५६ ने (म्हणजे १ वजा ०.०४४) भागा, १०४.९२ येतात. डॉलरचे रुपये करताना रेटमध्ये कापतात ते वेगळंच, ते पण धरा.

शिपिंग फुगवून वसूल करू म्हणाल तर ते पण नको, ईबे स्वतःची फी शिपिंगसकट एकूण रकमेवरच लावतं. या वेळचा तोटा सोसा आणि माल वेळेत पाठवा.