बाई थांबणार आहेत, वह्या कोणाच्या?

प्रश्न : आमचं हौशी वृंदगान मंडळ २००१ साली नोंदलं गेलं. तेव्हापासून दिग्दर्शन बाईंकडे आहे आणि अध्यक्षपदही. येत्या वार्षिक सभेनंतर थांबणार, असं त्यांनी तालमीत जाहीर केलं आणि त्याच दमात आपल्या एका शिष्येचं नाव पुढची दिग्दर्शिका म्हणून सांगून टाकलं. कार्यकारिणीतल्या काहींना मात्र अर्ज मागवून निवड करायची आहे. बाईंनी बसवलेल्या सत्तरेक गाण्यांची तीन-चार आवाजांतली नोटेशन त्यांच्या वह्यांत आहेत. ‘ती नको असेल तर वह्याही मिळणार नाहीत,’ असं त्या म्हणाल्याचं कानावर आलं आहे. निम्मे गायक त्यांच्यामागे जातील, अशीही भीती आहे. कायद्याने कोणाचं काय? वकिलाची नोटीस पाठवावी का?
– सचिव

उत्तर : नोटीस पाठवू नका. कानावर आलेल्या वाक्यावर नोटीस काढली की ते वाक्य खरं होतं.

तुम्ही पाठवलेली नियमावली वाचली. कलम ७ मध्ये ‘अध्यक्ष हे संस्थेचे संगीत दिग्दर्शकही असतील’ असं वाक्य आहे. तुमचा निम्मा घोळ त्या एका ‘ही’ मध्ये आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर पद नव्हतं, बाई होत्या. उद्या तुमचे खजिनदार अध्यक्ष झाले, तर या कलमाप्रमाणे सोप्रानोंना, म्हणजे उंच पट्टीतल्या गायिकांना, सुरात आणण्याची जबाबदारीही त्यांचीच.

तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोन्हीकडे नोंदलेली आहे. अशा संस्थेत अध्यक्षपद वारशाने जात नाही, ते नियमावलीत सांगितलेल्या पद्धतीनेच भरावं लागतं. बाईंनी घेतलेलं नाव ही शिफारस आहे. त्या सभासद म्हणून सूचक होऊ शकतात, मत देऊ शकतात, त्यापलीकडे नाही. पण हेही लक्षात घ्या की, कलम ७ आहे तोवर दिग्दर्शकासाठी वेगळे अर्ज मागवायचा अधिकार तुमच्या कार्यकारिणीलाही नाही. म्हणून सभेच्या विषयपत्रिकेवर क्रम असा ठेवा : आधी कलम ७ ची दुरुस्ती, मग राजीनामा, मग अध्यक्षाची निवड. दुरुस्तीला किती दिवसांची सूचना आणि किती बहुमत लागतं, ते तुमच्याच कलम १९ मध्ये आहे. ते तंतोतंत पाळा, सूचना मिळाल्याच्या सह्या घ्या.

एक अडचणीची गोष्ट. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मताचा अधिकार नाही. हौशी मंडळात वर्गणी वेळेवर कोण भरतं! थकबाकीदारांची यादी सभेच्या आधीच सगळ्यांना कळवा आणि भरायला वेळ द्या. ऐन सभेत फक्त बाईंच्या बाजूच्यांची थकबाकी आठवली, तर सगळी निवडणूकच संशयात येईल.

तालमीत ‘मी थांबते’ म्हणणं हा राजीनामा नव्हे. तो लेखी, तारखेसह हवा. बदल घडल्यापासून ९० दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करावा लागतो. जाणाऱ्या विश्वस्ताचं राजीनामापत्र आणि ना-हरकत सोबत असली की काम सरळ होतं. हरकत आली की अर्ज वादग्रस्त ठरतो आणि मग वर्षं जातात. परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत, जुनीच नावं राहिली, की बँकही नव्या सह्या घ्यायला का-कू करते. शिवाय नव्या कार्यकारिणीची यादी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत संस्था निबंधकांकडे द्यायची असते, ती बहुतेक मंडळं विसरतात.

आता वह्या. इथे तुम्हाला न आवडणारं सांगतो.

तुमचं म्हणणं, ‘मानधन आम्ही दिलं, म्हणजे नोटेशन संस्थेचं.’ १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं, वेगळा करार नसेल तर. पण बाई नोकरीत नव्हत्या. हजेरीपट नाही, रजा नाही, नेमणूकपत्र नाही. वर्षातून दोनदा पाकीट. त्यामुळे त्यांनी स्वतः बांधलेल्या चाली आणि केलेलं स्वरसंयोजन यांचा हक्क त्यांचाच. वही संस्थेच्या पैशाने घेतली असली तरी कागद तेवढा तुमचा, त्यावरचं संगीत नाही.

मात्र बाईंचा हक्कही वाटतो तितका एकसंध नाही. सत्तरपैकी बरीच गाणी दुसऱ्या संगीतकारांची असणार. दुसऱ्याच्या चालीचं तीन आवाजांत संयोजन करणं म्हणजे कायद्याच्या भाषेत रूपांतर, आणि मूळ संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं होईपर्यंत त्याला मूळ हक्कधारकाची परवानगी लागते. ती घेतली होती का, हे कोणीच विचारलेलं नसतं. हा मुद्दा बाईंवर शस्त्र म्हणून वापरू नका. तो संस्थेवरही तितकाच उलटतो, गायलात तुम्हीच.

कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना एक सवलत आहे : पैसे न घेता, विनाशुल्क श्रोत्यांसमोर सादर केलेलं गाणं हक्कभंग ठरत नाही. म्हणजे वह्या मिळाल्या नाहीत म्हणून तुमचं तोंड बंद होत नाही. अल्टोंना, म्हणजे खालच्या पट्टीतल्या गायिकांना, आपली ओळ पाठ आहेच. तिकीट लावलं, ध्वनिमुद्रण केलं किंवा नोटेशनच्या झेरॉक्स वाटल्या, की ही सवलत संपली.

म्हणून बाईंकडून लेखी परवानगी घ्या. ‘हक्क लिहून द्या’ म्हणू नका, त्या शब्दाने माणूस दुखावतो आणि तुम्हाला मालकीची गरजही नाही. गाण्यांची यादी जोडा. गाणं, ध्वनिमुद्रण करणं, सभासदांसाठी प्रती काढणं आणि आवाज कमी-जास्त असतील तसे बदल करणं, हे चारही त्यात लिहा. मुदत आणि प्रदेश न विसरता घाला, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्यांचं नाव प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेवर ‘स्वरसंयोजन’ म्हणून छापण्याची हमी तुम्ही द्या. कलम ५७ प्रमाणे तो त्यांचा हक्क आहेच. तुम्ही आपणहून लिहून दिलंत तर सही लवकर होते, हा माझा अनुभव.

गायक त्यांच्यामागे गेले तर? थांबवता येणार नाहीत. बाईंना नवा वृंद काढू नका, असं लिहून घेतलंत तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकणं कठीण. संस्थेचं नाव मात्र संस्थेचं आहे. त्या ‘माजी दिग्दर्शिका’ म्हणवून घेऊ शकतात, तुमच्या नावाने कार्यक्रम घेऊ शकत नाहीत. यूट्यूब वाहिनी कोणाच्या ईमेलवर आहे ते आजच पाहा. बाईंच्या खासगी ईमेलवर असेल तर राजीनाम्याआधी संस्थेच्या ईमेलवर हलवा.

शिष्येला अर्ज करू द्या, इतरांसारखाच. उमेदवारांची तालीम ऐकायला बाईंना बोलवा, त्यांचं मत टिपून घ्या. निवड समितीवर मात्र त्यांना ठेवू नका. आणि जी व्यक्ती निवडाल तिच्या नेमणूकपत्रात तिने बसवलेल्या गाण्यांच्या नोटेशनचा हक्क कोणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहा. ती बाईंची शिष्या असली तरी.